मावशी, खालचे आणि कानवाला

डार्मश्टाटला मावशींकडे राहायला गेले त्या संध्याकाळी त्यांनी मला वरण वाढलं ते चिनी मातीच्या एका बदकातून. बदकाची पाठ उचलायची आणि आत डाव घालायचा. भाजी एका माशाच्या पोटात होती. खिडकीत, कपाटावर, फ्रिजवर फुलदाण्याच फुलदाण्या होत्या आणि एकीतही फूल नव्हतं. मी नवी भाडेकरू, त्यातून भुकेली, म्हणून जेवायला लागले. खुलासा मावशींनीच केला.

"हे सगळं वाटेत आलेलं आहे," त्या म्हणाल्या. "मला घ्यायचं असतं दुसरंच."

दुसरंच म्हणजे जुनी बेसबॉल कार्डं.

मावशी तशा माझ्या कुणी नव्हेत. आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या. मी पीएचडीला आले आणि खोली काही मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या फ्लॅटमधली मागची खोली दिली. मूळच्या मिरजेच्या. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, भराभर चालणारी बाई. काम अंतराळ केंद्रात. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांना त्या खालून आज्ञा पाठवायच्या. 'थोडं डावीकडे वळ' म्हणायचा अवकाश, तिकडे अफाट अंतरावर यंत्र वळायचं. घरातला नळ मात्र सदैव ठिबकत असे. "तो माझ्या खात्यात येत नाही," म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "फॉर्म भरायचा राहून गेला." हे उत्तर जर्मन माणसाला इतकं पटे की पुढे कुणी विचारत नसे.

तर कार्डं. तळहाताएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे एका बेसबॉल खेळाडूचं चित्र, मागे त्याची माहिती. अमेरिकेत पूर्वी च्युइंगगमबरोबर मिळायची आणि पोरं ती जमवायची. मावशी डार्मश्टाटला आल्या तेव्हा इथल्या लष्करी छावणीतली अमेरिकन कुटुंबं गाशा गुंडाळत होती. अंगणात सामान मांडून विकायची. मावशी गेल्या होत्या इस्त्री आणायला. इस्त्रीबरोबर बिस्किटांचा एक डबा फुकट मिळाला, दोरे-सुया ठेवायला होईल म्हणून घेतला, आणि घरी येऊन उघडला तर आत ही माणसं.

माणसंच म्हणायच्या त्या. सकाळी चहा घेताना डब्यातून एक कार्ड काढायच्या आणि मागची बाजू मला वाचून दाखवायच्या.

"हा बघ. उंची सहा फूट दोन इंच. उन्हाळ्यात सगळं स्टेडियम डोक्यावर घेतो आणि हिवाळ्यात सासऱ्याच्या दुकानात बूट विकतो. किती छान ना गं? आपल्याकडचे क्रिकेटवाले विकतील का बूट?"

"मावशी, तुम्ही बेसबॉल बघता?"

"मॅच? छे! तीन-तीन तास कोण बसणार? कार्ड कसं, एका चहात होतं."

इतकी वर्षं कार्डं जमवणाऱ्या या बाईनं बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. पाहायची इच्छाही नव्हती.

जमवायचे त्यांचे दोन नियम होते. पहिला, कार्ड ब्रेट्सेलपेक्षा महाग घ्यायचं नाही. इथल्या बेकरीत मिळणारा तो खारट, पिळाचा ब्रेट्सेल हे मावशींचं चलन होतं. घरभाडं सोडलं तर सगळ्याच किमती त्या ब्रेट्सेलात मोजायच्या. दुसरा नियम, कार्ड स्वतः जाऊन आणायचं. पायी, ट्रामने, फार तर गाडीने संध्याकाळपर्यंत परत येता येईल इथपर्यंत. इंटरनेटवर हवं ते कार्ड मिळतं, हे मी पहिल्याच आठवड्यात उत्साहानं दाखवायला गेले.

"मिळतं गं," मावशी म्हणाल्या. "त्याला अमेरिकेहून पोस्ट, पोस्टावर कस्टम, आणि वर मी घरात पायजम्यात बसलेली. त्यात मजा काय?"

म्हणून मग दर शनिवारी फ्लोमार्क्ट, म्हणजे जुना बाजार. बोचऱ्या थंडीत पांढरे सुती हातमोजे घालून मावशी निघायच्या, कारण कार्डाला बोटांचा घाम लागू द्यायचा नसतो. त्यांचं एक तंत्र होतं. कार्डं दिसली की त्यांच्याकडे पाहायचंच नाही. शेजारची सगळ्यात भयंकर वस्तू उचलायची.

"हे बदक केवढ्याला?"

"बारा युरो," विक्रेता म्हणायचा.

"बारा!" हात छातीवर. "आल्झो, म्हणजे बदक तसं सुरेख आहे. पण ही चोच..."

"चोचीला काय झालं?"

"काही नाही, मी आपलं म्हटलं." मग मोठा सुस्कारा, आणि अगदी जाता जाता, "आणि हे कागद बदकाबरोबरच येतात का?"

कधी कधी कागद यायचे. पुष्कळदा कागद यायचे नाहीत आणि बदक यायचं. "आता काय करणार, त्याच्या चोचीला नावं ठेवून झालेली असतात. नुसतं टाकून येणं बरं दिसत नाही."

पण अलीकडे हे तंत्रही चालेनासं झालं होतं. छावणी गेली, तिच्यामागे वर्षानुवर्षं माळ्यांवरून जे काही निघत होतं तेही आटलं. आता बाजारात फुटबॉलचे स्टिकर, पोस्टकार्डं, पत्त्यांचे जोड, सगळं मिळायचं, बेसबॉल नाही. चुकून मिळालंच तर विक्रेता खिशातून मोबाइल काढायचा आणि म्हणायचा, "अमेरिकेत हे पन्नासला जातं." मावशी म्हणायच्या, "मग त्याला म्हणावं जा," आणि पाठ फिरवायच्या. पाठ फिरवली तरी त्या दिवशी त्या जेवायच्या नाहीत.

एकदा एश्बॉर्नच्या आयटीवाल्या मराठी मंडळींनी हॉल घेऊन गणपती बसवला होता. आरती झाली, आता प्रसाद वाटणार, तोच मावशींनी माइक घेतला. "कुणाच्या घरी, तळघरात, घरमालकाच्या सामानात जुनी बेसबॉल कार्डं असतील तर मला भेटा. नवी नकोत." मग पुढच्या रांगेतली एक फ्रॉकवाली चिमुरडी उठली आणि तिनं आपल्या पर्समधून ड्रॅगनचं एक चकचकीत कार्ड काढून दाखवलं. मावशींनी मराठीत विचारलं, "कितीला देतेस?" मुलीला सगळं समजलं आणि ती जर्मनमध्ये म्हणाली, "त्स्वान्सिश." वीस युरो. मावशी सवयीनं म्हणाल्या, "ड्रॅगन सुरेख आहे गं, पण ही शेपटी..." मुलीनं कार्ड पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन ओढली आणि मोदक घ्यायला निघून गेली. परतीच्या गाडीत मावशींनी आपल्या पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "ती पोरगी पुढे जाईल."

खरी अडचण मात्र आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खाली राहत होती.

हे गृहस्थ ट्राम चालवून निवृत्त झालेले, विधुर, सत्तरी ओलांडलेले, दिव्याच्या खांबासारखे उंच आणि तितकेच बोलके. मावशी त्यांचं आडनाव कधी घेत नसत. "खालचे" म्हणायच्या. "खालचे उठले वाटतं." "आज खालच्यांनी कोबी केलाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मावशींचे यजमानच खाली वेगळे राहतात.

खालचे लहान असताना त्यांचं घर छावणीच्या कुंपणाला लागून होतं. सैनिक कुंपणावरून च्युइंगगम टाकायचे, कार्डं टाकायचे. पोराकडे डबाभर कार्डं जमली. एका हिवाळ्यात त्यांच्या आईनं ती शेगडी पेटवायला वापरली. त्यामुळे खालचे आता कार्डं गोळा करत नव्हते. ते आपली परत मिळवत होते.

म्हणजे आमच्या सगळ्या दक्षिण हेसेन भागात जुन्या बेसबॉल कार्डांची गिऱ्हाइकं दोन, आणि ती दोन्ही एकाच जिन्यातली. मावशी सहाच्या ट्रामने निघाल्या की खालचे साडेपाचला सायकल काढायचे. कपाळाला दिवा बांधून ते अंधारात खोकी धुंडाळत असायचे. बाजारात दोघं समोरासमोर आले की संवाद असा व्हायचा:

"गुटन मॉर्गन."

"गुटन मॉर्गन. तुम्ही इकडे कुठे?"

"हवा छान आहे म्हणून फिरायला आलो."

हवा म्हणजे बर्फमिश्रित पाऊस. दोघांच्या छत्र्या उलट्या झालेल्या.

इतक्या वर्षांच्या शेजारात दोघांनी 'झी'ची पायरी ओलांडली नव्हती. जर्मनमध्येही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे, डू आणि झी, आणि झीवरून डूवर येणं हा इथे जवळजवळ साखरपुड्याएवढा सोहळा असतो. हे दोघं अजून चिठ्ठ्यांवर होते. जिन्यात खालच्यांची चिठ्ठी लागायची: 'जिन्यात मोहरीचा वास येतो. ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.' मावशी खाली लाल पेनानं लिहायच्या: '"नाही"नंतरचा स्वल्पविराम अनावश्यक. हीसुद्धा तक्रार नाही.' दुसऱ्या दिवशी स्वल्पविराम खोडलेला असायचा.

दोघांनाही हवा होता तो कानवाला.

मावशींकडे एका संघाची एका वर्षाची सगळी माणसं जमली होती, एक सोडून. हा एक शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा खेळाडू. मावशींनी त्याचं चित्र एका जुन्या यादीत पाहिलं होतं. टोपीखालून दोन्ही बाजूंना कपाचे कान असावेत तसे कान. "त्याच्या मागे काय लिहिलं असेल गं?" त्या मला विचारायच्या. "हिवाळ्यात काय करत असेल हा?" संघाच्या अल्बममध्ये त्याची खिडकी रिकामी होती. खालच्यांच्याही अल्बममध्ये तीच खिडकी रिकामी आहे, हे मावशींना ठाऊक होतं, कारण बाजारात दोघंही प्रत्येक कार्डाचे आधी कान बघायचे.

आणि मग जूनमध्ये ती जाहिरात आली.

दर आठवड्याला दारात फुकट पडणाऱ्या जाहिरातींच्या पेपरात दोन ओळी: 'बेसबॉलकार्टन स्वस्तात देणे आहे.' कार्टन म्हणजे कार्डं. खाली ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्याचा पत्ता. फोन नंबर नव्हता. मावशींनी हातातला कप खाली ठेवला.

"फोन नाही दिलाय," त्या कुजबुजल्या. "म्हातारं माणूस असणार. म्हाताऱ्या माणसाला अजून किंमत माहीत नसते. ऊठ! आजच शनिवार आहे!"

"मावशी, कुजबुजताय कशाला?"

त्यांनी बोटानं जमीन दाखवली. खाली.

आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो. छोट्या आगगाडीनं डोंगरातून तासभर गेलो. वाटेत मावशींनी तीन वेळा हातमोजे घातले आणि काढले. खेड्यात उतरून चढ चढून त्या घरापाशी पोहोचलो तर दार एका आजीबाईंनी उघडलं. गुलाबी गालांच्या, ॲप्रन बांधलेल्या.

"कार्टनसाठी आलात? या, या!"

मावशींनी हातमोजे चढवले, खिशातून भिंग काढलं. आजीबाईंनी ड्रॉवरमधून दोन कागद काढून त्यांच्या हातावर ठेवले. मावशींनी ते उजेडात धरले, भिंगातून पाहिले, हुंगले, पुन्हा पाहिले.

"फारच कोरी आहेत," त्या संशयानं म्हणाल्या. "कोणत्या सालची?"

"सालची?" आजीबाई म्हणाल्या. "आजचीच आहेत. दोन वाजता सामना आहे. मी आणि माझी बहीण जाणार होतो, पण तिचा पाय मुरगळला."

कार्ट म्हणजे कार्ड. कार्ट म्हणजे तिकीटसुद्धा. आमच्या पुढ्यात होती ती गावच्या बेसबॉल क्लबच्या जत्रेची तिकिटं होती, एका सॉसेजसकट. मला इतकं हसू आलं की मी दाराची चौकट धरली. मावशींचं तोंड मात्र असं झालं होतं की उपग्रहच हरवला असावा. जर्मनीत अर्धं आयुष्य गेलेल्या बाईला हे कळू नये?

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटा वाजली. घामानं निथळलेले, पँटीच्या पायांना क्लिपा लावलेले खालचे उभे होते. हातात भिंग.

"गुटन टाग," ते आम्हाला पाहून म्हणाले. आणि मग, श्वास घेऊन, "हवा छान आहे."

या माणसाची तर मातृभाषाच जर्मन होती.

मावशींनी निमूटपणे एक तिकीट त्यांच्याकडे सरकवलं. खालच्यांनी ते भिंगातून पाहिलं. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. "आख सो, असं होय," ते म्हणाले. तिकिटं परत करणं शक्यच नव्हतं, आजीबाई इतक्या खूष होत्या. दोघांनी एकेक तिकीट विकत घेतलं. आणि पैसे दिलेली गोष्ट वाया घालवायची नाही, याबाबत मिरज आणि डार्मश्टाट यांच्यात कधीच मतभेद नव्हता. मला मैदानाच्या दारावरच्या माणसानं विद्यार्थिनी म्हणून तसंच सोडलं.

मक्याच्या शेताला लागून मैदान होतं. गावाचा संघ, शेजारच्या गावाचा संघ, पंच म्हणून गावचा बेकर. बसायला लांबच लांब घडीची बाकडी. मावशी एका बाकड्याच्या या टोकाला बसल्या, खालचे अर्थातच दुसऱ्या टोकाला. मी उभी राहिले, हे बरंच झालं. पहिला फटका बसला, चेंडू मक्यात गेला आणि मावशी "अगं बाई!" म्हणत ताडकन उठल्या. बाकडं दुसऱ्या बाजूला कलंडलं आणि खालचे गवतात. त्यांनी उठून पँट झटकली. थोड्या वेळानं एक खेळाडू घसरत बेसवर, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी उशीवर आला, खालचे "योऽऽ!" करून उठले आणि मावशी गवतात. असं दोनदा झालं. तेव्हा सॉसेज भाजणारा धिप्पाड माणूस चिमटा घेऊन आला आणि म्हणाला, "गूदे, नमस्कार मंडळी! तुम्ही दोघं मधे बसा पाहू. शेजारी शेजारी. नाहीतर माझं बाकडं मोडाल."

दोघं मधे बसले. बिल्डिंगमधल्या सगळ्या वर्षांत प्रथमच त्यांचे खांदे एकमेकांना लागत होते. सामना पुढे सरकला तसं मी पाहिलं की दोघंही एकाच वेळी पुटपुटतायत. शॉर्टस्टॉप पुढे आला की दोघं म्हणायचे, "शॉर्टस्टॉप." कार्डांच्या मागे वाचलेली माणसं समोर पळताना दिसत होती आणि दोघांच्या चेहऱ्यांवर सर्कस बघणाऱ्या पोरांचं हसू होतं. तीन तास गेले. कुणालाच पत्ता नव्हता.

सॉसेजवाला मूळचा अमेरिकन. डार्मश्टाटच्या छावणीत होता, इथल्या पोरीशी लग्न करून राहिला. त्याचं जर्मन आता ओडेनवाल्डच्या शेतकऱ्यासारखं झालं होतं. दर वर्षी जत्रेच्या सोडतीत तो बक्षीस म्हणून आपली काही जुनी कार्डं ठेवायचा. तिकिटावरचं सॉसेज घ्यायला आम्ही तिघं गेलो तेव्हा गल्ल्याशेजारी मोहरीच्या बाटलीला टेकवून एक कार्ड उभं होतं.

प्रथम कान दिसले.

मावशींनी माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठले. खालच्यांच्या हातातलं सॉसेज पावातून सटकलं. बदक, चोच, सुस्कारा, सगळी तंत्रं मावशी विसरल्या.

"हे!" त्या ओरडल्या.

"हे!" खालचे ओरडले.

"हा?" सॉसेजवाला चकित झाला. "दर वर्षी हाच उरतो. हे कान कुणाला हवेत? द्या काय द्यायचं ते."

"एक ब्रेट्सेल," मावशी म्हणाल्या.

"एक ब्रेट्सेल, लोणी लावून," खालचे.

मावशींनी ओठ चावला. इतक्या वर्षांचा नियम. "लोणी आणि वर कांद्याची पात."

"लोणी, पात... आणि चीज."

भोवती गाव जमलं. गावाला काही कळत नव्हतं, पण चीजवर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, मी इथे सॉसेज विकतो!" सॉसेजवाला म्हणाला. "हे बघा. सामना संपलाय, मैदान मोकळं आहे. एकेक जण बॅट घ्या, तीन तीन चेंडू. पहिल्या बेसवर जो पोहोचेल त्याचा हा कानवाला. पैसे नकोत."

"वयानं मोठे आधी," मावशी झटकन म्हणाल्या.

खालचे बॅट घेऊन उभे राहिले. गावची हेअरड्रेसर चेंडू टाकत होती, तीही हळू. खालच्यांनी पाय रोवले, मान ताठ केली, नजर समोर रुळांवर असावी तशी, आणि तिन्ही चेंडू जवळून जाऊ दिले. सिग्नल मिळाला नसावा. तिसऱ्या चेंडूनंतर बेकरनं हात वर केला. आउट. खालच्यांनी वाकून अभिवादन केलं आणि बॅट मावशींच्या हाती दिली.

मावशी पर्स खांद्याला अडकवून, हातमोज्यांसकट उभ्या राहिल्या. पहिला चेंडू आला तेव्हा त्यांनी एक पूर्ण गिरकी घेतली आणि त्या शेवटी मक्याकडे तोंड करून थांबल्या. दुसऱ्या चेंडूला बॅटच सुटली आणि जाऊन बटाट्याच्या सॅलडमध्ये बसली. ती धुऊन आणली. तिसरा चेंडू. मावशींनी डोळे मिटून सगळी ताकद लावली. बॅट हवेतून गेली, चेंडूही हवेतून गेला. मागे बसून चेंडू झेलणारा गडी हसून हसून लोळायला आला होता. चेंडू त्याच्या बगलेखालून कुंपणाकडे गेला.

लोकांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या. मावशींनी बॅट खाली ठेवली आणि त्या मान खाली घालून परत निघाल्या. त्यांचा तो चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता. पोरींच्या खेळातून बाहेर काढलेल्या पोरीचा असतो तसा.

तेवढ्यात मागून गर्जना झाली.

"लाउफ! मेन्श, लाउफ!"

पळ! अगं, पळ!

खालचे बाकड्यावर उभे होते. दिव्याचा खांब दोन्ही हात हलवत होता. ज्या माणसाचा आवाज मी जिन्यात कधी ऐकला नव्हता तो अख्ख्या दरीत घुमत होता.

"कुठे?" मावशी ओरडल्या.

"बेसवर! त्यानं झेलला नाही! पळ!"

मावशी पळाल्या. तिसऱ्या बेसकडे.

"उलटीकडे! दुसऱ्या बाजूला!"

मावशी मैदानाच्या मधूनच वळल्या. एव्हाना तो गडी कुंपणापाशी चेंडू शोधत होता. पर्स हवेत, ओढणी मागे, ट्रेकिंगचे बूट धपाधप. मी किंचाळत होते, आजीबाईंचं गाव किंचाळत होतं. गड्यानं चेंडू फेकला, तो बेसवरच्या माणसाच्या डोक्यावरून मक्यात गेला, आणि मावशी पहिल्या बेसवर बसल्याच. अक्षरशः. फतकल मारून, दोन्ही हातांनी बेस धरून.

बेकरनं डोकं खाजवलं. दोन्ही संघांचे कप्तान आले. नियम खरा होता. तिसरा चेंडू हुकला तरी मागच्या माणसानं तो झेलला नसेल, तर बॅटवाला पळू शकतो. मधूनच वळण्याबद्दल नियम काय म्हणतो ते कुणी विचारलं नाही. बेकरनं हात आडवे पसरले: पोहोचल्या!

परतीच्या गाडीत खालच्यांनी सायकल टेकवली आणि ते आमच्यासमोर बसले. मावशींच्या मांडीवर रुमालात कानवाला होता. त्या त्याची मागची बाजू वाचायला अजून धजावल्या नव्हत्या.

"तो नियम तुम्हाला कसा माहीत?" मावशींनी विचारलं.

"एका कार्डाच्या मागे आहे. पळणाऱ्या माणसाचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय."

"ते कार्ड माझ्याकडे नाही."

"माहीत आहे," खालचे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुम्ही बदकाची किंमत विचारत होतात तेव्हा मी उचललं."

मावशी एवढ्या हसल्या की डब्यातले प्रवासी वळून बघायला लागले. खालचे हसले नाहीत. त्यांना दुसरंच काहीतरी टोचत होतं.

"मला माफी मागायची आहे," ते म्हणाले. "मी तुम्हाला 'लाउफ' म्हणालो. डू. खरं म्हणजे 'लाउफेन झी' म्हणायला हवं होतं. पण ते लांब पडतं. तोवर तुम्ही आउट झाला असतात."

गाडी बोगद्यात शिरली. बोगदा लांब आहे तो. बाहेर आल्यावर उजेडात मावशींचा चेहरा दिसला.

"आता परत लांब करू नकोस," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आपलं पहिलं नाव सांगितलं. खालच्यांनी ते दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर. त्यांनी आपलं सांगितलं. एवढी वर्षं दोन्ही दारांवर नुसती आडनावं होती. आणि मग दोघांनी मिळून कार्ड उलटं केलं. कानवाला हिवाळ्यात आपल्या गावी पियानो दुरुस्त करायचा.

"वाटलंच मला," मावशी म्हणाल्या. "कानांवरून."

त्यानंतर आमच्या घरात रविवारी तिसरं ताट लागू लागलं. दोन अल्बम टेबलावर उघडे असायचे. खालच्यांनी नळ दुरुस्त केला. मोहरीची फोडणी कशी असते ते त्यांनी जवळून पाहिलं आणि त्यावर कोणतंही निरीक्षण नोंदवलं नाही. कानवाला सहा महिने वर राहायचा आणि सहा महिने खाली. भांडणं मात्र कमी झाली नाहीत. उलट पूर्वी ती चिठ्ठीवर व्हायची, आता मोठ्यानं व्हायला लागली.

माझी पीएचडी झाली, त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. सामान न्यायला माझा एक मित्र भाड्याची व्हॅन घेऊन आला. मावशींनी चिवड्याचा डबा दिला, पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले. खालच्यांनी व्हॅनमधले सगळे पट्टे सोडून पुन्हा नीट आवळले. मी नमस्काराला वाकणार, तेवढ्यात दोघंही एकदम थबकले. समोरच्या फुटपाथवर कुणीतरी एक खोकं ठेवलं होतं. 'फुकट न्या' लिहिलेलं. वरून पुठ्ठ्याचा एक जुना कोपरा डोकावत होता.

"आलेच हं," मावशी म्हणाल्या.

खालचे एव्हाना निघाले होते. त्यांनी लांब टांगांचा फायदा घेतला.

मी खूप वेळ वाट पाहिली. शेवटी व्हॅनमध्ये बसले, काच खाली केली आणि ओरडले, "मावशी, येते मी!" कुणी मान वर केली नाही. दोघं खोक्यावर वाकले होते, दोघांचे हात आत होते, आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जात होतं.

"हात काढ तुझा!"

"तू काढ! मी आधी पाहिलं!"

"तू? तुला चष्म्याशिवाय दिसतं तरी का?"

मित्र नुकताच भारतातून आला होता, जर्मन कच्चं होतं. तो घाबरून म्हणाला, "अगं, या दोघांचं जमत नाही वाटतं?"

"जमतं की," मी म्हटलं. "नीट ऐक ना. डू म्हणतायत."